गार्डसाहेबांचं पातेलं

लग्नाची पंगत असो, पाण्याच्या टँकरची रांग असो, नाहीतर मयतामागं चालणारी माणसं असोत, आमचे घरमालक सगळ्यांत शेवटी उभे राहत. त्यांच्या मागं कुणी येऊन उभं राहिलं की ते मुकाट्यानं त्या माणसाच्या मागं जात. टँकरच्या रांगेत यामुळं फार पंचाईत होई. एक बाई आली की हे मागं, दुसरी आली की आणखी मागं, आणि शेवटी टँकर रिकामा होऊन निघून गेला की हे कोरडी घागर घेऊन घरी येत. एकदा मी चिडून विचारलं, तुम्हाला पाणी लागत नाही का? ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, गार्डच्या मागं डबा नसतो."

मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. ते निवृत्त झाल्यावर सरकारनं त्या हुद्द्याचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. ही बातमी मी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितली. मॅनेजर बँकेत असतो, एवढंच म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची, तशीच मीही म्हणू लागले.

मी नातेपुत्याहून सोलापूरला आले ती पहिल्या नोकरीसाठी. एका खासगी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं काम होतं. गार्डसाहेबांच्या घराची वरची खोली मला मिळाली. खाली ते एकटेच राहत. बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलगा पुण्याला होता. आईनं फोनवर विचारलं, घरमालक कोण? मी म्हणाले, रेल्वेतले. आई म्हणाली, तसं नव्हं, कोण? मी म्हणाले, गार्ड. आईनं मग नाद सोडला. खालच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यापुढं रोज संध्याकाळी मेणबत्ती लागायची, हे तिला पुढं कधीतरी आपोआप कळलं आणि तोवर तिलाही सवय झाली होती.

त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी पुष्कळ होती. बायकोनं हौसेनं जमवलेली, फळीवर ओळीनं पालथी घातलेली. ती ते पुसायचे आणि पुन्हा पालथी घालायचे. वापरायचे एकच, जाड बुडाचं एक ॲल्युमिनियमचं पातेलं. भात त्यात, आमटी त्यात, अंडी त्यात. सकाळचा चहाही त्यातच. चहाला आदल्या दिवशीच्या फोडणीचा बारीक वास यायचा, पण मसाल्याचा चहा म्हणून तो खपून जाई. पाहुणे वाखाणणी करत आणि कुठला मसाला म्हणून विचारत. ते म्हणत, घरचाच.

एका पातेल्याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. गाडी घेऊन परगावी पोचलं की रनिंग रूममध्ये विश्रांती घ्यायची, आणि परतीच्या गाडीचा निरोप आला की उठायचं. तो निरोप कधी येईल याचा नेम नसायचा. कुकरला दोन शिट्ट्या झाल्या असल्या तरी यायचा, चपाती तव्यावर असली तरी यायचा. चार भांडी मांडून बसणारा माणूस उपाशी जायचा. ज्याचं सगळं एका पातेल्यात, तो झाकण लावून उचलायचा आणि निघायचा. अर्धवट शिजलेलं पातेलं गोणपाटात आणि जुन्या चादरीत गच्च गुंडाळून ते ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यात, ठेवायचे. गाडी कुठल्यातरी आडबाजूच्या स्टेशनात लूपला, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायला बाजूच्या रुळावर, लागली की उघडायचे. आतल्या वाफेवर सगळं शिजून तयार झालेलं असायचं.

त्यांची मॅक्रोनी अशीच शिकलेली. दौंडला एक म्हातारा ख्रिश्चन ड्रायव्हर होता, तो खिमा आणि मॅक्रोनी एकत्र शिजवायचा. गार्डसाहेबांनी ती त्याच्याकडून घेतली आणि सोलापूरला आणून पार बदलून टाकली. ड्रायव्हर म्हणे त्यात कसलीशी बाटलीतली चटणी घालायचा. यांनी काळं तिखट घातलं. तो वरून चीज किसायचा. यांनी शेंगाची चटणी भुरभुरली. मूळ पदार्थाचं नाव काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की नाव ड्रायव्हरनं सांगितलं होतं, पण तेवढ्यात गाडी सुटली.

पहिल्यांदा मला जेवायला बोलावलं, तेव्हा झाकण काढायच्या आधी त्यांनी मला पातेल्यासमोर उभं केलं आणि आत काय काय आहे ते एकेक करून सांगितलं. कांदा, लसूण, टोमॅटो, काळं तिखट, मॅक्रोनी, खिमा. मग माझ्याकडं वळले.

"खिमा मोठ्याचा हाय. म्हशीचा. चालत नसंल तर आत्ताच सांगा, आमलेट टाकतो. आपल्याला राग न्हाय यायचा."

आमच्या घरी मेंढरं आहेत. मटण मला नवं नव्हतं, पण बकऱ्याच्या पलीकडं आमच्यात कुणी गेलेलं नव्हतं. पातेल्यातून वास येत होता. मी म्हणाले, चालतं. आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. घरी हे अजून कुणाला माहीत नाही. छापून आलं तरी आमच्या घरी कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्यांचा रविवारचा हा कार्यक्रम मी इतक्यांदा पाहिला की मलाही पाठ झाला. आधी कांदा लाल करायचा, घाई नाही. मग लसूण, मग खिमा, आणि खिम्याचं पाणी पूर्ण आटून तेल सुटेपर्यंत परतायचं. इथं ते अजिबात तडजोड करत नसत. खिमा इथंच पुरता शिजला पाहिजे, पुढच्या प्रवासाचा भरवसा नाही, असं म्हणत. मग टोमॅटो, तिखट, मीठ, पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की मॅक्रोनी. मग घरात जो कुणी असेल त्याच्याकडं वळून विचारायचे, सगळं आलं? समोरच्यानं "आलं" म्हणायचंच. मी नसले तर ते खिडकीतून शेजारच्या काकूंना विचारत. त्या काकू विणकर घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, आणि त्यांना वाटे की हे पाणी आलं का असं विचारताहेत. त्या नाही म्हणत. मग हे पुन्हा पातेल्यात डोकावून बघत.

उत्तर आलं की झाकण. एक जोरदार वाफ धरू द्यायची आणि गॅस बंद. झाकण पडलं की गाडी सुटली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यानंतर झाकणाला हात लावायचा नाही, बाहेरून पातेल्याला थापही मारायची नाही. एका थंडीत मी गावाहून त्यांच्यासाठी घोंगडी आणली होती, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. त्यांनी ती हातात घेऊन जड आहे, ऊब चांगली आहे असं म्हटलं, आणि पातेल्याला गुंडाळली. मी म्हणाले, अहो, तुम्हाला पांघरायला दिली होती. ते म्हणाले, मला थंडी वाजत नाही, त्याला वाजते.

पातेलं घोंगडीत कोपऱ्यात बसलं की ते रेल्वेच्या पुलावर जात. एखादी मालगाडी पुलाखालून पूर्ण जाईपर्यंत थांबत आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डला हात दाखवून परत येत. तेवढ्यात मॅक्रोनी होते, हा त्यांचा हिशेब. हल्ली काही मालगाड्यांना गार्डचा डबाच नसतो, मागं नुसतं एक यंत्र अडकवतात. तशी गाडी गेली की ते पुलावरच घुटमळत, दुसरी येईपर्यंत. त्या दिवशी मॅक्रोनी जरा जास्त मऊ व्हायची.

घोटाळा इथंच झाला. शेजारच्या काकूंनी एकदा दार उघडं बघून आत डोकावलं, तर घरात माणूस नाही, गॅस गार, आणि अर्धकच्चं जेवण घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं. त्यांनी काळजीनं पुण्याला मुलाला फोन केला. वडिलांचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही, स्वयंपाक अर्धा टाकून उठतात आणि पुलावर जाऊन गाड्यांना हात करतात, असं त्यांनी सांगितलं. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

मुलगा हादरला. बापाचा स्वयंपाक त्यानं लहानपणी कधी पाहिलाच नव्हता. तो व्हायचा दौंडला नाहीतर वाडी जंक्शनला. घरी सगळं आई करायची. ती गेली तेव्हा तो पुण्याहून पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं, आणि बापाच्या बाबतीतही असंच होणार ही धास्ती त्याच्या मनात बसली होती. तो रोज फोन करू लागला. घर विकू, तुम्ही इकडं या. गार्डसाहेब फोन हातभर लांब धरून मोठ्या आवाजात लावत, त्यामुळं ही बोलणी मला जिन्यात ऐकू यायची.

पुण्याला ते एकदा राहून आले होते. अकराव्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकाला बाई, गॅलरीत आरामखुर्ची. दिवसभर तिथं बसून ते समोर बघत राहिले आणि परत आले. का आलात, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "तितं समोरून काय जातच न्हाय."

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं, "रविवारी ये. माझ्या हातचं जेव. जेवण बिगडलं तर बॅग भरतो आन् तुझ्या गाडीत बसतो. न्हाय बिगडलं तर हा विषय पुना काडायचा न्हाय." मुलगा ठीक आहे म्हणाला. गार्डसाहेब दिलेला शब्द पाळणार यात मला शंका नव्हती, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. घर गेलं तर माझी खोलीही जाणार होती, पण खरं सांगायचं तर खोलीपेक्षा मला तो माणूस त्या अकराव्या मजल्यावरच्या खुर्चीत दिसत होता.

रविवारी दुपारी मुलगा, सून आणि त्यांची लहान मुलगी आली. मुलगा सकाळपासून गाडी चालवून दमला होता, तो आतल्या खोलीत आडवा झाला तो घोरायलाच लागला. गार्डसाहेबांनी पातेलं चढवलं. सुनेला आधी सगळं सांगून झालं, मोठ्याच्या खिम्यासकट. ती म्हणाली, मला चालतं, पण सोसायटीत वास जातो म्हणून आम्ही करत नाही. स्वभावानं सरळ बाई होती. सगळं आलं का, याला तिनं आणि नातीनं एका सुरात "आलं" म्हटलं. झाकण पडलं. घोंगडी लागली. सून शेजारच्या काकूंबरोबर चादरी घ्यायला गेली, कारण पुण्याची माणसं सोलापूरला येऊन चादरी न घेता जात नाहीत. नातीचा हात धरून गार्डसाहेब पुलावर गेले.

मी खाली ताटं पुसत होते. मुलगा उठून स्वयंपाकघरात आला आणि बाबा कुठं गेले म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणाले, पुलावर. आणि जेवण? मी कोपऱ्याकडं बोट केलं. त्यानं वाकून घोंगडी सोडली, झाकण उचललं. आत लाल पाण्यात मॅक्रोनी तरंगत होती, अजून कडकच. त्यानं शेगडीला हात लावून बघितला. शेगडी गार होती.

मला वाटलं आता हा खूश होणार. पण त्याचा चेहरा उतरला. मी त्याला सगळी पद्धत समजावून सांगितली, ब्रेकव्हॅन, वाफ, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुम्ही त्यांच्याकडं राहता, तुम्ही त्यांना सांभाळून घेणारच. मला संताप आला. मी म्हणाले, झाकण लावा, तुम्ही जेवण बिघडवाल.

"मॅडम, हे असं ताटात आलं तर त्यांना बॅग भरावी लागेल," तो हळू आवाजात म्हणाला. "मी शिजवून ठेवतो. त्यांना कळू देऊ नका."

आणि त्यानं पातेलं शेगडीवर ठेवून गॅस पेटवला. ज्याला बापाला घेऊन जायचं होतं, तोच बापाची पैज वाचवत होता. मी म्हणाले, मग निदान बारीक ठेवा आणि इथून हलू नका. त्यानं मान डोलावली. मी पापड आणायला वर गेले. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला. आत आवाज तुटतो म्हणून तो बोलत बोलत गल्लीत गेला आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचला. करपल्याचा वास मला पापड घेऊन उतरताना जिन्यातच आला.

मी गॅस बंद केला आणि सगळे एकदमच दारात आले. सून चादरी घेऊन, गार्डसाहेब नातीला घेऊन, आणि त्यांच्या मागून फोन खिशात घालत मुलगा. गार्डसाहेबांनी शेगडीवरचं पातेलं बघितलं, खाली पडलेली घोंगडी बघितली, आणि मग मुलाकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं. सुनेनं विचारलं, काय झालं?

"माझ्याकडनं राह्यलं," गार्डसाहेब म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच त्यांनी मला ताटं मांडायला सांगितलं. मुलगा दारातच उभा होता. तो म्हणाला, बाबांनी नाही, गॅस मी पेटवला. गार्डसाहेब म्हणाले, कुणी पेटवला याला अर्थ नाही, पातेलं माझं होतं, गाडीत काही झालं की सही गार्डचीच लागते. जेवण बिघडलं हे खरं. जेवण झाल्यावर बॅग भरतो. हे त्यांनी उद्या टँकर येणार नाही असं सांगावं तशा आवाजात सांगितलं आणि ते सगळ्यांना वाढायला लागले. खालचा थर काळा झाला होता, वरच्याचा लालसर लगदा झाला होता. शेंगाची चटणी त्यांनी नेमानं प्रत्येकाच्या ताटात घातली.

मुलानं पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला.

"कुठं बिघडलंय?" तो म्हणाला.

गार्डसाहेबांनी आपल्या ताटातलं चाखलं. "करपलंय."

"नाही करपलं."

"अरे, धूर झाला घरात. मी काय आंधळा हाय का?"

"चांगलं झालंय," मुलगा म्हणाला आणि ताट पुढं केलं. "वाढा."

बापानं वाढलं. मुलानं तेही खाल्लं. मी समोर बसले होते आणि मला दिसत होतं की प्रत्येक घास तो पाण्याच्या घोटाबरोबर उतरवतो आहे. एक जण स्वतःचं घर जावं म्हणून भांडत होता आणि दुसरा बाप हातचा जावा म्हणून. दोघांचेही आवाज चढले नाहीत. शेवटी गार्डसाहेब सुनेकडं वळले. तुम्ही यातल्या नाही, ते म्हणाले, तुम्ही सांगा, खरं काय ते.

सून सरळच बाई. ती म्हणाली, "करपलंय, बाबा. कडू लागतंय."

गार्डसाहेबांनी, झालं तर मग, अशा अर्थानं मान हलवली आणि उठायला हात टेकला. तेव्हा मुलगा बायकोकडं वळला. इतका वेळ पुण्याचं स्वच्छ मराठी बोलणारा तो माणूस एकदम गल्लीतलं बोलला.

"तुला काय कळतंय त्यातलं? आमच्यात असंच करत्यात. खाली लागल्याबिगर चव येत न्हाय."

त्यांच्यात असं कधीच कुणी केलं नव्हतं. त्याच्या आईनं तर जन्मात काही करपवलं नसेल. सुनेनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिला काय समजलं कोण जाणे, तिनं मुकाट्यानं पुढचा घास घेतला. गार्डसाहेब टेकलेल्या हातावर तसेच अवघडून राहिले, मग हळूच खाली बसले. मला त्या मुलाचा दुपारपासून जो राग आला होता तो सगळा गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्यानं मला ताटातून मान वर करता येईना.

"सकाळी लौकर निघतो आमी," मुलगा पातेल्याच्या बुडातला काळा थर खरवडून आपल्या ताटात घेत म्हणाला. "तिघं."